माणसे रक्त द्यायला का येतात? : वाचकांचे प्रश्न, रक्तपेढीतील डॉक्टरांची उत्तरे

मागील अंकात संपादकांनी रक्तदानाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. रक्तगट, आहार, आजारपण यांविषयी पत्रे येतील अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर निघाला, तो म्हणजे माणूस रक्त द्यायला येतो तरी कशासाठी, आणि येत नाही तेव्हा त्याला कोण अडवते. एकतीस वर्षे रक्तपेढीत काढली (कागदोपत्री आता ‘रक्तकेंद्र’ म्हणायचे असते, पण माझ्या जिभेवर रक्तपेढीच बसलेली आहे), तेवढ्या काळात या प्रश्नाचे माझे स्वतःचे उत्तर बरेच बदलले. आलेल्या पत्रांपैकी सात येथे घेतली आहेत. लांबलेली पत्रे थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे दरवर्षी रक्तदान शिबिर होते. यंदा आम्ही दात्यांना एक लहानशी प्रश्नावली दिली, तेव्हा जवळजवळ सर्वांनी ‘समाजाचे ऋण फेडण्यासाठी’ किंवा ‘कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून’ असे लिहिले. नंतर गप्पांमध्ये मात्र कुणी मित्राबरोबर आला होता, कुणाला प्रमाणपत्र हवे होते, आणि एकाने तर प्रात्यक्षिकाचा तास चुकवायचा होता असे प्रांजळपणे सांगितले. मुले खोटे लिहितात का? खरी प्रेरणा कोणती मानायची?
— एक प्राध्यापिका, सातारा

उत्तर : मुलांनी खोटे लिहिलेले नाही. आपण विचारलेल्या ‘का’मध्ये दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. रक्तदान चांगले का, हा एक. आणि आज, या वेळी, या खाटेवर तुम्ही कसे येऊन पोहोचलात, हा दुसरा. प्रश्नावलीवर पहिल्याचे उत्तर लिहिले जाते आणि चहाच्या टेबलापाशी दुसऱ्याचे ऐकू येते. दोन्ही उत्तरे खरी असतात, पण शिबिर भरवणाऱ्याच्या उपयोगाचे असते ते दुसरे.

पहिल्यांदा रक्त देणाऱ्याला ‘आज कसे काय आलात’ असे सहज विचारले, की उत्तरात बहुधा एखाद्या माणसाचा उल्लेख येतो, मग तो मोठा भाऊ असो, वर्गमैत्रीण असो, मंडळाचा सचिव असो की कारखान्यातला सुपरवायझर. याच्या उलट, कधीही रक्त न दिलेल्या कितीतरी धडधाकट माणसांशी मी बोललो आहे, आणि त्यांपैकी एकानेही रक्तदान वाईट असते असे म्हटलेले मला आठवत नाही. भीती वाटते असे काहींनी सांगितले, वेळ मिळत नाही असे पुष्कळांनी सांगितले, आणि ‘मला कुणी विचारलेच नाही’ हे उत्तर इतक्या जणांकडून ऐकले, की पुढे पुढे आमच्या जनजागृतीच्या भिंतीपत्रकांकडे पाहून मला थोडे हसू येऊ लागले. ‘रक्तदान श्रेष्ठदान’ हे ज्याला पटलेलेच आहे त्याला आम्ही पुन्हा तेच पटवत होतो.

या कामाचा इतिहासही हेच सांगतो. १९२१ साली लंडनमधल्या एका रुग्णालयाने कॅम्बरवेल भागातील रेडक्रॉसच्या शाखेला दूरध्वनी करून रक्त देऊ शकेल असे कुणी आहे का, असे विचारले. शाखेचे सचिव पर्सी ऑलिव्हर आपल्या काही सहकाऱ्यांना घेऊन स्वतः गेले, आणि त्यानंतर त्यांनी तयार असणाऱ्या माणसांची यादी ठेवून, गरज लागताच त्यांना निरोप देण्याचे काम स्वतःच्या घरातून चालवले. स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांची पहिली संघटित व्यवस्था ती हीच. आपल्याकडे मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून स्वेच्छा रक्तदानाच्या मोहिमा सुरू केल्या, तेव्हा रक्त देणे म्हणजे नाडलेल्या माणसाने पैशासाठी करायची गोष्ट अशीच सर्वसाधारण समजूत होती. दोघांच्याही कामाचा गाभा एकच होता: ओळखीच्या माणसाने समोर येऊन विचारायचे, आणि होकार आला की पुढची वाट सोपी करून द्यायची.

राहता राहिला प्रश्न प्रमाणपत्रासाठी आलेल्या मुलाचा. त्याच्या हेतूत भेसळ आहे असे आपल्याला वाटत असेल, तर तशी भेसळ बहुतेक सगळ्या दानात असते. जेम्स अँड्रिओनी या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास असे मांडले, की देणारा माणूस घेणाऱ्याच्या भल्याबरोबरच, दिल्यावर स्वतःच्या मनाला जे बरे वाटते त्यासाठीही देत असतो. आपल्याकडे ‘पुण्य’ हा शब्द इतकी शतके रुळलेला असताना हे अर्थशास्त्रज्ञाने सांगावे लागले याची मला गंमत वाटते. पण मुद्दा योग्य आहे.

माझ्या दृष्टीने पहिल्या वेळचे कारण तितके महत्त्वाचे नाही. जेन पिलियाव्हिन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षे रक्तदात्यांचा अभ्यास केला, आणि त्यातून दिसले ते असे, की माणूस तीन-चार वेळा रक्त देऊन गेला की ‘मी रक्तदाता आहे’ ही त्याची स्वतःविषयीची ओळखच होऊन बसते. मग त्याला बाहेरच्या कारणाची फारशी गरज उरत नाही. तास चुकवायला आलेला तो मुलगा दुसऱ्यांदा आला का, हे पुढच्या वर्षी जरूर पाहा. शक्य असेल तर पाहत बसू नका, त्याला बोलवाच.

प्रश्न : आम्ही गणेशोत्सवात रक्तदान शिबिर घेतो. पूर्वी चहा-बिस्किटांवर दोनशे पिशव्या होत असत. आता शेजारचे मंडळ हेल्मेट देते, त्याच्या पलीकडचे ट्रॉली बॅग देते आणि एका नेत्याच्या वाढदिवसाला तर सोडतीत दुचाकी होती. आम्ही काहीच दिले नाही तर मांडव ओस पडतो. भेटवस्तू देणे चूक आहे काय? शेवटी रक्त तर रुग्णालाच मिळते.
— एक मंडळ कार्यकर्ता, डोंबिवली

उत्तर : आपले शेवटचे वाक्य वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल.

रक्त देण्यासाठी मोबदला दिला तर काय होते, यावर १९७० साली रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यावरचा वाद अजून संपलेला नाही. त्या काळी अमेरिकेत रक्ताचा मोठा भाग पैसे देऊन मिळवला जाई, तर ब्रिटनमध्ये तो स्वेच्छेने दिला जाई. टिटमस यांचे म्हणणे असे, की पैसा आला की रक्ताची सुरक्षितता घटते, आणि एरवी आपणहून दिले असते ती माणसेही मागे सरतात. यातील दुसरा भाग पुष्कळांना केवळ भावनिक वाटला. मात्र २००८ मध्ये स्वीडनमधील योटेबोरी येथे झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही जणांना रक्तदाता होण्याविषयी नुसते विचारले गेले आणि काहींना त्यासाठी पन्नास क्रोनर देऊ केले गेले. पैसे देऊ केल्यावर तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर उतरले. तेच पैसे स्वतः न घेता एखाद्या धर्मादाय कामाला देण्याची मुभा दिली, तेव्हा ते प्रमाण पुन्हा ५३ टक्क्यांच्या आसपास गेले. पुरुषांमध्ये मात्र असा लक्षणीय फरक पडला नाही. त्याचे कारण काय असावे यावर पुरुषवर्गाने हवे तर विचार करावा.

तरीही या एका प्रयोगावरून ‘भेट दिली की दाते पळतात’ असा निष्कर्ष काढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील उत्तर ओहायोमध्ये रेडक्रॉसच्या शिबिरांत पाच, दहा आणि पंधरा डॉलरची भेटकार्डे देऊन पाहिले गेले, तेव्हा दात्यांची संख्या वाढली, आणि कार्ड जितक्या किमतीचे तितकी अधिक वाढली. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी आपल्या डोंबिवलीला तंतोतंत लागू आहे: वाढलेल्या दात्यांपैकी बरेचसे लोक जवळच्या दुसऱ्या शिबिराला जायचे सोडून इकडे आलेले होते. आपल्या आणि शेजारच्या मंडळाचे नेमके हेच चालले आहे. हेल्मेटने नवे रक्त निर्माण झालेले नाही; आपल्या मांडवातले शेजारच्या मांडवात गेले, एवढेच.

भेटवस्तूचा खरा धोका दात्यांच्या संख्येत नसून अर्जात आहे. रक्त देण्यापूर्वी जो अर्ज भरून घेतात, त्यात कावीळ, अलीकडचे आजार, औषधे, गोंदण, लैंगिक संबंध यांविषयी प्रश्न असतात. घेतलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरे, परंतु संसर्ग झाल्यानंतर काही काळ तो चाचणीत दिसत नाही, आणि या ‘विंडो पीरियड’मध्ये रुग्णाचे संरक्षण करणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दात्याने दिलेले खरे उत्तर. सहा महिन्यांपूर्वी हातावर गोंदवून घेतलेला तरुण नियमाप्रमाणे बारा महिने थांबायला हवा. चहाच्या कपासाठी तो खोटे बोलणार नाही. दुचाकीच्या सोडतीसाठी बोलेल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि आपणही सांगू शकत नाही. गेल्या महिन्यातच रक्त दिलेला माणूस पुन्हा ‘पहिल्यांदाच आलो’ म्हणून रांगेत उभा राहिल्याचे तर मी स्वतः पाहिले आहे. त्याचे हिमोग्लोबिन पाहून आम्हाला शंका आली आणि दंडाच्या घडीतली सुईची खूण पाहून ती खरी ठरली.

हा धोका आपल्या देशाने भोगलेला आहे. पैसे घेऊन रक्त विकणारे व्यावसायिक दाते एकेकाळी रुग्णालयांच्या आसपास सर्रास असत. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या, आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक दात्यांकडून रक्त घेणे बंद झाले. मिक्सर किंवा दुचाकी ही त्याच जुन्या दाराची मागची खिडकी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग काय द्यावे? अल्पोपाहार, बिल्ला, प्रमाणपत्र, फार तर प्रवासखर्च. स्वेच्छा रक्तदानाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत एवढे बसते. पैशाच्या जागी मोजता येईल असे काही बसत नाही. एक अपवाद मात्र मला पटतो. इटलीमध्ये नोकरदार दात्याला रक्तदानाच्या दिवशी भरपगारी रजा मिळते आणि त्यामुळे तेथील दाते अधिक वेळा रक्त देतात असे दिसले आहे. रजा विकता येत नाही आणि सोडतीत निघत नाही. आपल्या भागातील कारखानदारांकडे हेल्मेटसाठी वर्गणी मागण्याऐवजी कामगारांना अर्धा दिवस सुटी मागून पाहा.

प्रश्न : वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयाने चार रक्तदाते आणायला सांगितले. मी, दोन चुलतभाऊ आणि मेहुणा असे चौघांनी रक्त दिले. वडील बरे झाले. पण त्यानंतर सहा वर्षांत आमच्यापैकी एकानेही पुन्हा रक्त दिलेले नाही. आम्ही दिले त्याला रक्तदान म्हणावे काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : म्हणावे, आणि त्याबद्दल मनात अपराधी भाव ठेवू नये. ‘बदली रक्तदान’ या नावाने ही पद्धत देशभर रुळलेली आहे. नियमाप्रमाणे रुग्णाला रक्त देण्यासाठी बदली दाता आणण्याची सक्ती करता येत नाही. तरीही अडलेल्या नातेवाइकाला नियम दाखवत बसण्याचे बळ कुठून असणार?

या दानामागची प्रेरणा जगातील सर्वांत बलवान प्रेरणा आहे, ती म्हणजे आपल्या माणसाविषयीची माया. पण तीच तिची मर्यादाही ठरते, कारण माणूस घरी आला की कारण संपते. शिवाय त्या मायेत धास्ती मिसळलेली असते. घाईत, रात्री-अपरात्री, काळजीने कोमेजलेल्या मनाने दिलेले रक्त माणसाच्या आठवणीत त्या धावपळीसकट बसते, आणि पुढे रक्तदानाचे नाव निघाले की त्याला रुग्णालयाचा तो कॉरिडॉर आठवतो. नातेवाईक ‘मला काही नाही’ असेच अर्जात लिहिणार, हा धोकाही आहेच.

तरीही आजारपणाच्या अनुभवातून जन्मभराचे दाते तयार होतात. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांच्यावर वयाच्या चौदाव्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना अनोळखी लोकांचे तेरा पिशव्या रक्त द्यावे लागले. अठरा वर्षांचे होताच आपणही देऊ, असे त्यांनी तेव्हाच ठरवले आणि १९५४ पासून ते देऊ लागले. पुढे त्यांच्या रक्तात एक दुर्मीळ प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडले. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि गर्भाचा पॉझिटिव्ह असल्यास बाळाला जो धोका संभवतो, तो टाळणारे इंजेक्शन त्यापासून बनवता येते. २०१८ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ते थांबले तेव्हा त्यांनी १,१७३ वेळा दान, बहुतेक वेळा प्लाझ्माचे (रक्तातील द्रव भागाचे), केलेले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले. मला त्यांच्याविषयीची सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे: इतक्या वेळा देऊनही सुई टोचताना ते कधीच तिकडे पाहत नसत.

हॅरिसन यांना रक्त अनोळखी माणसांकडून मिळाले होते, म्हणून परतफेड कुणा एकाची होऊ शकत नव्हती. आपल्या चौघांचे रक्त ‘वडिलांसाठी’ दिले गेले, आणि हिशेब तिथेच मिटला. प्रत्यक्षात आपल्या वडिलांना जे रक्त चढवले गेले ते बहुधा आपले नव्हतेच. आधी तपासून ठेवलेले, दुसऱ्याच कुणाचे तरी होते.

प्रश्न : मी आजवर तीनदा रक्तदानाला गेले आणि तिन्ही वेळा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवली गेले. तिसऱ्यांदा तर सगळ्यांसमोर ‘मॅडम, तुमचेच रक्त वाढवा आधी’ असे ऐकावे लागले. आता जावेसे वाटत नाही.
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : ज्याने ते वाक्य उच्चारले त्याच्या वतीने मी क्षमा मागतो. मांडवात असे विनोद करणाऱ्यांना आपण किती दाते कायमचे गमावतो याची कल्पना नसते. तात्पुरते नाकारलेले दाते पुन्हा कमी येतात हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे, आणि नकार कोणत्या शब्दांत दिला यावरही ते पुष्कळ अवलंबून असते.

रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम असावे लागते आणि वजन किमान ४५ किलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांना. त्यात बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजत असतानाचा काळ वगळावा लागतो, आणि स्त्रियांसाठी दोन दानांमधील अंतर पुरुषांप्रमाणे ९० दिवसांचे नसून १२० दिवसांचे आहे. शिबिरात स्त्रिया कमी दिसतात त्याचे कारण अनेक जण ‘बायका घाबरतात’ असे देतात. मी ते मान्य करत नाही. रांगेत येतात पुष्कळ, पण त्यांतल्या बऱ्याच परत पाठवल्या जातात.

आपल्याकडून व्हायला हवी ती एकच गोष्ट, ती रक्तदानासाठी नव्हे, आपल्या स्वतःसाठी: तीनदा हिमोग्लोबिन कमी निघाले याचा अर्थ त्याचे कारण शोधायला हवे. नुसते बीट आणि खजूर खाऊन थांबू नका; डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, त्यांनी लिहून दिल्यास लोहाच्या गोळ्या नियमाने घ्या, आणि गोळीबरोबर चहा घेऊ नका. चौथ्या वेळी जाल तेव्हा मांडवात न जाता सरळ रक्तपेढीत जा. तेथे गर्दी नसते, आणि बोलायला माणसांना वेळ असतो.

प्रश्न : पहिल्याच रक्तदानात मला भोवळ आली. मित्रांनी त्याचे चित्रीकरण करून गटात टाकले. पुन्हा द्यावे की नाही?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : जरूर द्यावे. तरुण, सडपातळ आणि पहिल्यांदा देणारे दाते अधिक वेळा भोवंडतात. मज्जासंस्थेची ती क्षणिक प्रतिक्रिया असते, भित्रेपणाची खूण नव्हे. आदल्या रात्री नीट झोपा, पोटभर नाश्ता करून जा, रक्त देण्याच्या थोडे आधी अर्धा लिटर पाणी प्या, खाटेवर असताना मांड्यांचे स्नायू मधूनमधून आवळून सैल करा, आणि उठण्याची घाई करू नका. मागील वेळी भोवळ आली होती हे तंत्रज्ञाला आधी सांगा. मित्रांना बरोबर घेऊन जा, पण त्यांनाही खाटेवर झोपवा; चित्रीकरण करायला हात मोकळा राहणार नाही.

प्रश्न : आम्ही रक्त फुकट देतो आणि रुग्णाला मात्र एका पिशवीचे दीड हजार रुपये मोजावे लागतात. हे कळल्यापासून माझी इच्छाच उडाली आहे.
— एक गृहिणी, पणजी

उत्तर : ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे आणि ती रास्त आहे, कारण आम्ही लोकांनी हिशेब कधी नीट समजावून सांगितला नाही. आकारले जाते ते रक्ताचे मूल्य नसते. पिशवी, तपासण्या, तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा हे घटक वेगळे करणे, थंड ठेवणे आणि रुग्णाच्या रक्ताशी जुळणी यांचा तो खर्च असतो, आणि त्याची कमाल मर्यादा राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद ठरवते. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तांबड्या पेशींच्या एका पिशवीसाठी खासगी रक्तपेढीत १,५५० आणि सरकारी रक्तपेढीत १,१०० रुपये ही ती मर्यादा आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यायचे असते. यापेक्षा अधिक कुणी मागितले तर पावती मागा आणि तक्रार करा. एका रक्तपेढीच्या वागण्याचा राग ज्या रुग्णाला आपण पाहिलेलेही नाही त्याच्यावर निघू नये, इतकीच विनंती.

प्रश्न : मोठा अपघात झाला की रक्त द्यायला रांगा लागतात, आणि दर मे महिन्यात मात्र रक्ताच्या तुटवड्याच्या बातम्या येतात. हीच माणसे एरवी कुठे जातात? आणि आपले रक्त पुढे कुणाला गेले, हे दात्याला कधी कळू शकते का?
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, तेव्हा रुग्णालयांबाहेर रक्त द्यायला लोकांची रीघ लागली होती. त्या रीघेत कुणाला भेटवस्तू नको होती, प्रमाणपत्र नको होते. समोर जखमी माणसे दिसत होती आणि आपल्या हातून होण्यासारखे एक काम होते. मे महिन्यातला रुग्ण कुणाला दिसत नाही, हेच त्याचे दुर्दैव.

एक गोष्ट मात्र त्या रांगेतल्या माणसांना कुणी सांगत नाही. अपघातातील जखमींना त्या रात्री चढते ते रक्त आधीच्या आठवड्यांत कुणीतरी देऊन ठेवलेले असते, कारण तपासणी आणि घटक वेगळे करण्यास वेळ लागतो. आणि एकाच दिवशी आलेला पूर साठवून ठेवता येत नाही: तांबड्या पेशी पिशवीतील द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. वर्षभर टिकतो तो गोठवलेला प्लाझ्मा. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, महाविद्यालयांना सुटी असो वा नसो. आपली शिबिरे गणेशोत्सव, जयंत्या आणि नेत्यांचे वाढदिवस यांच्याभोवती गोळा झालेली आहेत. एप्रिल-मेमध्ये वाढदिवस असणारे नेते अधिक असते तर बरे झाले असते, असे आम्ही रक्तपेढीत गमतीने म्हणत असू. अर्थात तारीख नेमून पाळणारेही आहेत. निरंकारी मिशनचे अनुयायी १९८६ पासून २४ एप्रिलला रक्तदान करत आले आहेत, आणि ऐन उन्हाळ्यात ते रक्त किती मोलाचे ठरते हे मी अनुभवलेले आहे.

आपला दुसरा प्रश्न मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. ‘बॉम्बे’ रक्तगटाचे दाते पाहा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत प्रथम नोंदवलेला हा गट इतका दुर्मीळ आहे, की भारतातही सुमारे दहा हजारांत एखादाच आढळतो, आणि अशा रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. या गटाच्या दात्याला मी मध्यरात्री फोन केला आहे आणि तो दीडशे किलोमीटर मोटारसायकलवरून आलेला आहे. त्याला आपण इतरांहून अधिक दयाळू म्हणू शकत नाही. फरक इतकाच, की त्याला नाव घेऊन बोलावले गेले, कुणासाठी हे सांगितले गेले, आणि आपण गेलो नाही तर दुसरा कुणी नाही हे त्याला ठाऊक होते. ‘बी पॉझिटिव्ह’ गटाच्या माणसाला असे कधीच कुणी सांगत नाही. त्याला प्रमाणपत्र मिळते आणि विषय संपतो.

रुग्णाची ओळख दात्याला देता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण स्वीडनमध्ये दात्याला एक साधा संदेश जातो: आपण दिलेले रक्त आज एका रुग्णासाठी वापरले गेले. नाव नाही, रुग्णालय नाही, आजार नाही. आपल्याकडे प्रत्येक पिशवीला क्रमांक असतो आणि ती कुणाला गेली याची नोंद रक्तपेढीत ठेवावीच लागते, तेव्हा असा संदेश पाठवण्यात तांत्रिक अडचण मला दिसत नाही. निवृत्तीपूर्वीच्या दोन वर्षांत आम्ही हे वहीवरून, हाताने, करून पाहिले. दुपारी काम कमी असे तेव्हा एक तंत्रज्ञ बाई वापरलेल्या पिशव्यांच्या क्रमांकांवरून दात्यांचे फोन शोधत आणि प्रत्येकाला एक ओळ पाठवत. बहुतेकांचे उत्तर येई ते हात जोडल्याच्या चित्राचे. काही जण मात्र लगेच विचारत, ‘पुढची तारीख कधी?’ त्या वहीत एक स्तंभ वाढवून बाईंनी त्यात नव्वद आणि एकशेवीस दिवसांनंतरच्या तारखा लिहायला सुरुवात केली, आणि त्या वर्षी मे महिन्यात ज्यांची तारीख भरत होती त्यांना आम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात फोन केले.